न्यूयॉर्कची दुपार, घाटकोपरची मध्यरात्र

तारीख आधी नीट बघून घ्या: सोमवार, २५ सप्टेंबर १९९५. संध्याकाळचे सात वाजून गेलेत आणि तुम्ही नऊ डब्यांच्या गाडीतून घाटकोपरला उतरून पूर्वेला बाहेर पडला आहात. मेट्रो शोधू नका. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे इथे येणारी ती मेट्रो धावायला अजून एकोणीस वर्षं आहेत. मोबाइल खिशातच राहू द्या, त्याला इथे काहीही सापडणार नाही. कुठे जायचं ते विचारत विचारतच जायचं.

आज घटस्थापना. स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग आहेत, नारळ आहेत, परड्या आणि काळी माती विकायला बसलेल्या बायका आता आवराआवर करतायत. कॅसेटच्या दुकानात ‘रंगीला’ची गाणी लागली आहेत, सिनेमा येऊन तीन आठवडेही झालेले नाहीत. पलीकडच्या मैदानात गरब्याचे कर्णे तपासले जातायत. पानाच्या ठेल्यावर मात्र अजून गेल्या गुरुवारचाच विषय चालू आहे. २१ तारखेला गणपती दूध प्यायला म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. त्याच गुरुवारी न्यूयॉर्कमध्ये विश्वनाथन आनंद आणि गॅरी कास्पारोव्ह यांच्यातल्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या सामन्याचा सातवा डाव बरोबरीत सुटला, पण त्याबद्दल या ठेल्यावर कोणी बोलत नाही. त्याबद्दल बोलणारी माणसं पंतनगरात भेटतील. चला.

म्हाडाची इमारत, पहिला मजला, दाराबाहेर चपलांची गर्दी. आत समोरच घट बसलेला, समई लागलेली. खिडकीपाशी घडीचं टेबल, त्यावर ट्रान्झिस्टर आणि रेक्झिनचा हिरवा-पांढरा पट. मोहरी प्लॅस्टिकची, इतकी वापरलेली की पांढरी पिवळट झाली आहेत. पांढऱ्याचा एक उंट नाही. त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं रबरी बूच उभं आहे आणि घरात सगळे त्याला उंटच म्हणतात. या बुचाकडे लक्ष ठेवा.

“या, बसा. पत्ता सापडला ना?” काका विचारतात. ते फोर्टमधल्या बँकेत आहेत, निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली. तुम्ही त्यांच्या पवईला आयआयटीत शिकणाऱ्या भाच्याच्या ओळखीने आला आहात, एवढं त्यांना पुरेसं आहे. काकू साबुदाण्याच्या खिचडीची ताटली हातात देतात. एक अट मात्र पाळायची. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. गप्प राहायचं.

काकांची वही बघा. दोनशे पानी, डाव्या पानावर वर्तमानपत्रातलं कात्रण डिंकाने चिकटवलेलं, उजव्या पानावर काकांच्या अक्षरात चाली आणि प्रश्नचिन्हं. सामना ११ सप्टेंबरला सुरू झाला. डाव दर सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी. एकूण वीस. आठ होऊन गेले आणि आठही बरोबरीत. वहीत आठ पानांवर तोच अर्धा-अर्धा गुण लिहिलेला दिसतो. बँकेतले लोक काकांना विचारतात, ‘अहो, हे दोघं खेळतायत की गप्पा मारतायत?’ काकांना ते लागतं. आठ डाव जगज्जेत्याला जिंकू दिलेलं नाही, हे त्यांना कसं समजावायचं?

खेळाची जागा आहे वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा, १०७ वा मजला. कात्रणात त्या मनोऱ्यांचा फोटो आहे, पायाशी नदी आणि वर आभाळ. ११ सप्टेंबर ही तारीख आणि ती इमारत एका ओळीत वाचताना तुमच्या पोटात खड्डा पडेल. खोलीतल्या बाकी कोणालाही तसं काही होणार नाही. बरोबर सहा वर्षांनी काय होणार आहे ते त्यांना कळायचं कारण नाही. वही मिटा आणि काकांचं बोलणं ऐका.

“सांघीनगरचं दुःख अजून गेलेलं नाही,” ते म्हणतात. ऑगस्ट १९९४, हैदराबादजवळचं सांघीनगर. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पात्रता सामन्यात आनंद गाटा कामस्कीविरुद्ध दोन गुणांनी पुढे होता, तीन डाव बाकी होते, आपल्याच देशात खेळत होता, आणि सामना हातातून गेला. मग यंदा मार्चमध्ये लास पाल्मासला त्याच कामस्कीला हरवून त्याने कास्पारोव्हसमोर बसण्याचा हक्क मिळवला. त्या वेळी जगज्जेतेपदं दोन होती, कारण कास्पारोव्ह १९९३ मध्ये फिडेपासून फुटून निघाला होता. पण १९८५ पासून ज्याला कोणी सामन्यात हरवू शकलेलं नाही तो कास्पारोव्हच, याबद्दल पंतनगरात दुमत नाही. आव्हानवीर पंचवीस वर्षांचा, जगज्जेता बत्तीसचा.

आणि हेही लक्षात घ्या, की या घटकेला भारतात ग्रँडमास्टर दोनच आहेत: आनंद आणि कोलकात्याचा दिव्येंदू बरुआ. मुंबईचे प्रवीण ठिपसे तिसरे होतील, पण १९९७ मध्ये. काका त्यांचं नाव अगदी घरच्या माणसासारखं घेतात. काकूंचा अभिमान वेगळा आहे. त्या कॉलेजात असताना महिलांच्या स्पर्धा खेळल्या आहेत. तेव्हा गिरगावातल्या खाडिलकर भगिनींचा, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांचा, असा दरारा होता की राष्ट्रीय महिला विजेतेपद पहिली दहा वर्षं या तिघींच्या घराबाहेर गेलंच नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाची विजेती झाली. “समोर खाडिलकर आडनाव आलं की आमचा अर्धा गुण तिथेच जायचा,” काकू म्हणतात. त्यांचं लक्ष खिचडीच्या पातेल्याकडे आहे असं वाटतं, पण पटावरचं सगळं त्यांना दिसत असतं. हे तुम्हाला बुधवारी कळेल.

रात्रीचे बारा वाजून गेलेत. मैदानातला गरबा रंगात आहे. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करण्याचा देशभरचा नियम यायला पाच वर्षं आहेत, त्यामुळे ढोलाचा ठेका थेट खिडकीतून आत येतोय. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे दुपारी डाव सुरू होतो तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. नववा डाव आता, याच वेळी सुरू होतोय, आनंदकडे पांढरी मोहरी आहेत, आणि तुम्हाला त्याचं काहीही दिसणार नाही. टीव्हीवर नाही, रेडिओवर नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्टला मुंबईत इंटरनेट सुरू केलं आहे, पण पंतनगरात ते कोणाकडेही नाही. काका पटावर पहिली चाल मांडतात: राजापुढचं प्यादं दोन घरं. “एवढी तरी तो खेळलाच असेल,” असं म्हणून दिवा मालवतात. गजर साडेपाचचा.

या काळोखात मला तुम्हाला थोडा वेळ बसवायचं आहे. आपल्याला सवय राहिलेली नाही याची. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माणसाचा डाव चालू आहे आणि तो कळायला काहीही उपाय नाही, या स्थितीत माणूस काय करतो? काका झोपलेले नाहीत. डोळे मिटून ते सिसिलियन बचाव मनात खेळतायत. दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत पोचतात, उंट कुठे न्यायचा यावर अडतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मंगळवार पहाट. शॉर्टवेव्हवर बीबीसी कधी येते, कधी खरखरते. दाराशी पडलेल्या मराठी पेपरात नवव्या डावाचं काहीच असणार नाही, तो छापून झाला तेव्हा तिकडे फार तर चार चाली झाल्या होत्या. काका ट्रान्झिस्टर खिडकीच्या गजाला टेकवतात, काटा केसभर फिरवतात, आणि इंग्रजी बातम्यांच्या शेपटाला ते वाक्य येतं. आनंदने कास्पारोव्हला हरवलं. पाच-चार.

काकू देवापुढे साखर ठेवतात. बोरिवलीहून मेहुण्यांचा फोन येतो, “ऐकलंत का?” आणि इकडून काका “ऐकलं, ऐकलं!” एवढंच म्हणतात. दोघांनाही पुढे बोलता येत नाही. सात वाजता प्रादेशिक बातम्या पुन्हा ऐकल्या जातात, तीच बातमी मराठीत ऐकायला. जगज्जेतेपदाच्या सामन्यात भारतीय माणूस कास्पारोव्हच्या पुढे आहे! हे वाक्य याआधी कोणी, कुठल्याच भाषेत उच्चारलेलं नाही.

आता काकांबरोबर व्हीटीची गाडी पकडा. मुलुंडहून बसलेल्या त्यांच्या सहकाऱ्याने जागा धरून ठेवली आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून तुम्ही बसता, समोर ब्रीफकेसवर खिशातला लोहचुंबकाचा पट उघडतो, आणि सुरू होतं एक काम जे आज जगात कोणी करत नाही. निकाल माहीत आहे, चाली माहीत नाहीत. तर आनंद कसा जिंकला असेल?

“सिसिलियन असणार. गेल्या वेळी पांढऱ्याने त्याने तेच केलंय.”

“मग वजिराच्या बाजूने प्यादी पुढे काढली असतील. राजावर चाल करून कास्पारोव्ह मरत नाही.”

“हत्ती दिला असेल का?”

“आनंद? उगाच नाही द्यायचा.”

कुर्ला, शीव, दादर मागे पडतात. डब्याच्या त्या टोकाला भजन चालू आहे, दाराशी लोक लटकलेत, आणि इथे दोन कारकून एका न पाहिलेल्या विजयाची रचना करतायत. ते बऱ्यापैकी जवळ पोचले होते, हे तुम्हाला उद्या कळेल. मला विचाराल तर त्या सामन्याचं सगळ्यात मोलाचं प्रेक्षकपण या डब्यात होतं. डाव बघता येत नव्हता म्हणून तो खेळावा लागत होता.

मंगळवारची रात्र कालच्यासारखीच. दहावा डाव, पांढरी मोहरी कास्पारोव्हकडे. काकांनी शीवहून पेढे आणलेत. गरबा, खिचडी, गजर.

बुधवार, २७ सप्टेंबर. ही सकाळ बघण्यासाठीच मी तुम्हाला इथे आणलं आहे.

साडेपाचला बीबीसी सांगते की कास्पारोव्ह जिंकला. पाच-पाच. काका काही बोलत नाहीत. तेवढ्यात पेपर येतो, आणि क्रीडा पानावर, क्रिकेटच्या बातमीखाली, आनंदचा हसरा फोटो: आनंद आघाडीवर! सोबत नवव्या डावाच्या सगळ्या चाली. पेपरात तो जिंकलेला आहे, रेडिओवर हरलेला आहे, आणि दोन्ही एकाच टेबलावर आहे. तुम्हाला आज असं कधीच होणार नाही. बातमी आणि डाव यांच्यात एका दिवसाचं अंतर होतं आणि त्या अंतरात माणसाला विजय साजरा करत पराभव पचवावा लागत होता.

“आधी नववा,” काका म्हणतात. “जे छापलंय ते आधी.”

ते एक पोस्टकार्ड घेतात आणि छापलेल्या चालींवर ठेवतात. एकेक ओळ खाली सरकवायची. चाल उघडण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपली चाल सांगायची. तुम्हीही. चुकलात तर कोणी हसत नाही, फक्त विचारतात, “का?” पंधरावी, अठरावी, विसावी. पांढरी प्यादी वजिराच्या बाजूने खरंच पुढे सरकतायत, गाडीत ठरलं होतं तशीच. सव्विसाव्या चालीला पोस्टकार्ड थांबतं. सत्ताविसावी?

काका उंट म्हणतात. वरच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा वजीर म्हणतो. दारात ओला हात पदराला पुसत उभ्या असलेल्या काकू म्हणतात, “हत्ती डी-पाचवर.”

“अहो, तिथे घोडा खातो त्याला.”

“खाऊ दे की.”

पोस्टकार्ड सरकतं. हत्ती डी-पाच.

खोलीत एकदम गलका होतो. हत्ती काळ्या घोड्याच्या तोंडात ठेवला. घोड्याने तो मारला की ई पट्टीवरचं पांढरं प्यादं त्याच घरात येऊन बसतं, आणि मग सी आणि डी पट्ट्यांवर दोन प्यादी खांद्याला खांदा लावून पुढे निघतात. हत्ती गेला, घोडा मिळाला, हिशेबात तोटा. पण त्या प्याद्यांना अडवणार कोण? काकू पुढच्या सात-आठ चाली पटावर न बघता सांगतात. सी-पाच, मग संधी मिळताच डी-सहा. पस्तिसाव्या चालीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला. काका वहीत काकूंचं नाव लिहितात आणि पुढे दोन उद्गारचिन्हं.

दहाव्या डावाच्या चाली उद्याच्या पेपरात यायच्या. पण संध्याकाळी भाचा पवईहून बस पकडून येतो आणि झोळीतून घडी केलेला कागद काढतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा लांब कागद, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या अजून तशाच, शाई मधेमधे फिकी. अमेरिकेत एमएस करणाऱ्या मित्राने अर्नेट या शैक्षणिक संस्थांच्या संगणकजाळ्यावर ई-मेल पाठवली होती. मुंबईच्या उपनगरात हा डाव इतक्या लवकर फार थोड्या घरांत पोचला असेल. काका तो कागद दोन्ही हातांनी धरतात, कडेची भोकं फाटणार नाहीत अशा बेताने टेबलावर पसरतात, आणि पोस्टकार्ड मागतात.

रुय लोपेझ, त्यातला खुला प्रकार. पहिल्या तेरा चाली झरझर होतात, कारण त्या वहीत आधीच आहेत. गेल्या मंगळवारी, १९ तारखेला, सहाव्या डावात हीच स्थिती आली होती. अकराव्या चालीला घोडा जी-पाचवर टाकायची कल्पना तर १९७८ ची, बाग्युओला कार्पोव्हने कोर्चनॉयविरुद्ध वापरलेली. सहाव्या डावात चौदाव्या चालीला कास्पारोव्हने घोडा एफ-तीनवर नेला आणि डाव बरोबरीत सुटला होता. म्हणजे आनंद आणि त्याचे चार सहायक, युसुपोव्ह, स्पीलमन, उबिलावा आणि वोल्फ, यांना ही जागा ठाऊक होती. त्यांनी समजून उमजून पुन्हा तिथे पाय ठेवला. कास्पारोव्हने मात्र मधला आठवडा वाया घालवला नव्हता.

“चौदावी,” भाचा म्हणतो. “मामा, आता सावकाश.”

काळा वजीर डी-तीनवर घुसलेला आहे. सगळे घोड्याचीच चाल सांगतात, सहाव्या डावात होती ती. पोस्टकार्ड सरकतं: उंट सी-दोन.

आणि हा कोणता उंट? ते बूच. काका रबरी बूच बी-तीनवरून उचलून सी-दोनवर ठेवतात आणि हात मागे घेतात. वजिराला हुसकलं खरं, पण वजीर सी-तीनचं प्यादं खाऊन ए-एकच्या हत्तीवर चालून जातो. मग पुढची चाल तर त्याहून अवघड पचायला: घोडा बी-तीन. घोड्यांची मारामारी झाली की हत्ती पुन्हा उघडा! घ्या म्हणतोय.

आठ वाजले आहेत. या दोन चालींवर खोली साडेनऊपर्यंत बसते. तुम्हाला आज ठाऊक आहे तो एक तपशील या खोलीत कोणालाच ठाऊक नाही. कास्पारोव्ह या चाली घरून तयार करून आला होता, भराभर खेळत होता, आणि चाल करून उठून जाताना दार आपटत होता. आनंद मात्र पटासमोर पाऊण तास विचार करत बसला. १०७ व्या मजल्यावर त्या पाऊण तासात जे चाललं होतं तेच पंतनगरच्या पहिल्या मजल्यावर आता चालू आहे, फक्त एक दिवस उशिरा. काका हत्ती खाऊन बघतात, मात बसते. न खाता बघतात, घोडे अडकतात. मुलगा वजीर मागे घेऊन बघतो, प्यादं जातं. मोहरी पुन्हा पुन्हा मागे आणून चौदाव्या चालीला लावली जातात.

“राजा बघा ना,” काकू म्हणतात. “अजून मधेच उभा आहे. किल्लेकोट कुठे केलाय काळ्याने? वजीर तिकडे कोपऱ्यात हत्ती खात बसणार आणि घरात राजा एकटा.”

एवढ्या एका वाक्यात डाव सांगून झाला. सतराव्या चालीला आनंदच्या वजिराने कोपऱ्यातला हत्ती घेतला, अठराव्या चालीला बूच ई-सहावर जाऊन बसलं, काळ्या राजाच्या दारात. तिथून आनंदने चांगली झुंज दिली, वजीर सोडवून आणला, पण दुसऱ्या कोपऱ्यातला त्याचा हत्ती गेला तो गेलाच. अडतिसाव्या चालीला त्याने डाव सोडला. काका बराच वेळ ते बूच बोटांत फिरवत बसतात. मग म्हणतात, “हरला, पण अशा डावाला बळी पडायलाही तिथपर्यंत पोचावं लागतं.” त्यांचं हे म्हणणं मला तेव्हाही पटलं असतं आणि आजही पटतं. दहाव्या डावात आनंदने मोठी घोडचूक केली नाही. समोरच्याने आठवडाभर झोप मोडून जे शोधलं होतं ते त्याला एकट्याने, घड्याळ चालू असताना, शोधायचं होतं.

पुढचे दिवस भरभर उलटा, इथे रेंगाळण्यात सुख नाही. २८ तारखेला अकरावा डाव. कास्पारोव्हने सिसिलियनचा ड्रॅगन प्रकार काढला आणि आनंद एका साध्या सापळ्यात सापडला. गाडीतल्या दोघांनी त्या दिवशी पट उघडलाच नाही. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुटीच्या रात्री, तेराव्या डावात पंचवीस चालींत हार, तीही पांढऱ्या मोहऱ्यांनी. मंगळवारी दसरा. दाराला तोरण, पटाच्या शेजारी वही आणि ट्रान्झिस्टर ठेवून काकांनी त्यांची पूजा केली आहे, मोहऱ्यांना हळदकुंकू लावलंय, बुचालाही. आपट्याची पानं देताना मुलुंडचे सहकारी म्हणाले, “आज सीमोल्लंघन होऊ दे.” त्या रात्रीच्या चौदाव्या डावात आनंदने पहिल्याच चालीला वजिरापुढचं प्यादं पुढे टाकून स्कँडिनेव्हियन बचाव खेळला. त्याच्याकडून कोणाच्या ध्यानीमनी नसलेली चाल. डाव त्याच्या बाजूने झुकलाही होता. पण हरला. साडेआठ-साडेपाच. मग चार बरोबऱ्या, आणि १० ऑक्टोबरला अठराव्या डावानंतर सामना संपला. साडेदहा-साडेसात.

बँकेत लोक म्हणाले, शेवटी हरलाच ना. तुम्ही तिथे उभे आहात आणि तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पाच वर्षांनी, डिसेंबर २००० मध्ये, तेहरानला शिरोव्हला हरवून हा मुलगा जगज्जेता होणार आहे. २००७ ला मेक्सिकोत पुन्हा, मग बॉनला क्रामनिकविरुद्ध, सोफियाला टोपालोव्हविरुद्ध, मॉस्कोला गेल्फंडविरुद्ध. आपल्याच नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर होणार आहे. दोनवरून अठ्ठ्याऐंशी! जीभ चावा. काकांना त्याची गरजही नाही. ते वहीत अठराव्या डावाचं कात्रण चिकटवतायत आणि खाली लिहितायत, ‘दहावा पुन्हा बघणे.’

आता परत चला. वाटेत एकदाच थांबू या: गुरुवार, १२ डिसेंबर २०२४, अंधेरी, संध्याकाळची गर्दी. पुलावर, फलाटावर, मेट्रोच्या जिन्यात माणसं फोनकडे बघत उभी आहेत. सिंगापूरला डिंग लिरेन आणि गुकेश यांचा चौदावा, शेवटचा डाव चालू आहे, गुण साडेसहा-साडेसहा. पंचावन्नाव्या चालीला डिंग हत्ती एफ-दोनवर नेतो. त्याच क्षणी स्क्रीनच्या कडेची, संगणकाच्या इंजिनचा कौल दाखवणारी उभी पट्टी काळ्याच्या बाजूने कोसळते आणि फलाटावरच्या ज्या मुलीला घोडा कसा चालतो एवढंच ठाऊक आहे तिलाही कळतं की डाव संपला. गुकेशला ते कळायला अजून काही सेकंद आहेत. त्याने पाहिलं, सावरून बसला, आणि अठरा वर्षांचा जगज्जेता झाला. फलाटावर अनोळखी माणसांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मला तो आनंद मनापासून हवा आहे. उपनगरातल्या हजारो पोरांनी तो डाव थेट पाहिला, त्यातली कित्येक दुसऱ्या दिवशी बुद्धिबळाच्या क्लासला गेली, हे १९९५ ला कोणी स्वप्नातही बघितलं नसतं.

पण ती पट्टी एक गोष्ट काढून घेते. ‘का?’ हा प्रश्न विचारायच्या आधीच ती उत्तर देते. गुकेशला त्या खुर्चीत जे काम करावं लागलं ते आपल्याला करावंच लागत नाही, म्हणून तो जिंकला हे आपल्याला कळतं आणि किती अवघड होतं ते कळत नाही. काकूंनी हत्ती डी-पाच सांगितलं तेव्हा त्यांना ती चाल आनंदइतकीच स्वतःची वाटली होती. एक चाल अशी स्वतः सापडली की माणूस त्या खेळाडूचा जन्मभराचा होतो. आपल्या मुलांना हे मिळायला हवं, आणि ते अजूनही मिळू शकतं. त्यासाठी १९९५ मध्ये जाऊन राहायची गरज नाही.

घरी जा. माळ्यावरचा पट काढा, एखादं मोहरं नसेल तर बूच ठेवा. कास्पारोव्ह–आनंद, न्यूयॉर्क, दहावा डाव. चाली कुठेही सापडतील, कागदावर उतरवून घ्या आणि इंजिन बंद करा. मुलांना समोर बसवा, तेरा चाली मांडा आणि चौदावी झाका. ती उघडा, आणि मग काळ्याच्या बाजूने बसून वजीर कुठे न्यायचा ते सगळे मिळून ठरवा. घाई करू नका. आनंदने पाऊण तास घेतला होता, तुम्हीही तेवढा घ्या.